पिवळ्या दिव्याचं बिल किती?

जुलैच्या पावसात कुंभार्ली घाट चढताना डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला आणि पुन्हा विझलाच नाही. गाडी २०१२ची, डिझेल, सेकंडहँड घेतलेली. चिपळूण–कराड ही माझी महिन्यातली चार-पाच वेळची वाट, त्यामुळे मी थांबलो नाही आणि दुसऱ्या दिवशी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं स्कॅनर लावला आणि हातात इस्टिमेट दिलं: एबीएस-ईएसपीचं अख्खं मॉड्युल बदलायचं, मजुरीसह ६८,४०० रुपये. गाडीला बाजारात तेव्हा जेमतेम साडेतीन लाख मिळाले असते. नंतर कराडच्या एका वायरमननं तोच दोष ४५० रुपयांत काढला. तो कसा, ते पुढे सांगतो. तोवर एवढं लक्षात ठेवा, की हा दिवा लागल्यावर पहिला खर्च सुट्या भागावर करायचा नसतो, दोष नेमका शोधण्यावर करायचा असतो.

हा दिवा ज्या यंत्रणेचा, त्या घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेला कंपनीगणिक वेगळं नाव आहे. कुणी ईएसपी म्हणतं, कुणी ईएससी, होंडात व्हीएसए, टोयोटात व्हीएससी, बीएमडब्ल्यूत डीएससी. काम एकच. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ती १९९५मध्ये पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत बसवली. १९९७मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास झटकन दिशा बदलताना उलटली, त्यानंतर कंपनीनं त्या मॉडेलला ईएसपी सरसकट दिलं आणि जगभर या यंत्रणेचं नाव झालं. आपल्याकडे महिंद्र एक्सयूव्ही ५००च्या वरच्या श्रेणीत, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये, फोर्ड इकोस्पोर्टच्या ऑटोमॅटिकमध्ये ती दहा-बारा वर्षांपूर्वीच आली होती. त्या गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात आहेत, आणि दुरुस्तीचा प्रश्न नेमका याच मालकांना पडतो.

तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय, याची ही यंत्रणा सेकंदाला सुमारे २५ वेळा तुलना करते. दोन्हींचा मेळ बसला नाही की इंजिनाची ताकद कमी करते आणि एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर पुढच्या बाहेरच्या चाकाला, गाडी वळायलाच नकार देत असेल तर मागच्या आतल्या चाकाला. यासाठी तिला चार चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन, गाडीच्या फिरण्याचा वेग, ब्रेकचा दाब आणि इंजिनाची खबर, एवढं सगळं अखंड लागतं. यातली एक खबर जरी खोटी किंवा तुटक यायला लागली, तरी ती स्वतःला बंद करून दिवा लावते. म्हणून दिवा लागला याचा अर्थ ‘मॉड्युल गेलं’ असा होत नाही. मॉड्युलनं बहुतेक वेळा आपलं काम चोख केलेलं असतं.

आधी दिवा नीट वाचा

ओल्या वळणावर दिवा दोन-चार सेकंद लुकलुकला आणि विझला, तर यंत्रणा काम करतेय. ‘ऑफ’ असं लिहिलेला दिवा लागलाय? मग बटण चुकून दाबलं गेलंय का ते बघा. गाडी धुताना ते हमखास दाबलं जातं. सतत जळणारा दिवा म्हणजे दोष. त्याच्या सोबत एबीएसचाही लागला असेल तर चाकांचे सेन्सर, वायरिंग किंवा मॉड्युल यांच्याकडे संशय जातो. एबीएस विझलेला आणि ईएसपी एकटाच लागलेला असेल तर स्टिअरिंगचा सेन्सर, फिरण्याचा सेन्सर, ब्रेकच्या दाबाचा सेन्सर किंवा ब्रेक लाइटचा स्विच.

एक जोडी मात्र गंभीर आहे. ब्रेकचा लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा असे दोन्ही एकदम लागले, तर हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. दोन्ही ठीक असूनही दिवे राहिले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. ती गाडी घाटात घालू नका. टोइंगचे दोन-तीन हजार रुपये जातील, ते जाऊ द्या.

आणि इंजिनाचा दिवा सोबत लागला असेल तर ब्रेककडे बघूच नका, आधी इंजिन बघा. इंजिनाची ताकद कमी करता येणार नाही असं दिसलं की अनेक गाड्या ईएसपी आपोआप बंद करतात. टोयोटाच्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. मुळात इग्निशन कॉइल किंवा थ्रॉटल बॉडी खराब असते आणि मालक मात्र चाकाचे सेन्सर बदलत बसतो.

घरी होणारी तपासणी

पहिली बॅटरी. कमी व्होल्टेजला सगळ्यात आधी कुरकुरणाऱ्या यंत्रणांत ही मोडते. शंभर-दीडशे रुपयांपासून मिळणारा मल्टीमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी बदला, चार ते आठ हजार रुपये. ती नाहीतरी बदलावी लागणारच होती.

बॅटरी काढून परत जोडल्यावर किंवा अलाइनमेंटनंतर दिवा लागला असेल तर स्टिअरिंगच्या सेन्सरला मध्य सापडत नाहीये. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापर्यंत, मग दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, सरळ करा आणि मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर सरळ चालवा. बऱ्याच गाड्यांत दिवा विझतो आणि खर्च शून्य येतो. काही गाड्यांत मात्र हे काम स्कॅनरवरूनच करावं लागतं, त्याचे पाचशे ते हजार रुपये पडतात.

मग टायर. चारही एकाच मापाचे आहेत का? स्टेपनी वेगळ्या मापाची असून तीच महिनाभर चालवली जातेय का? एका चाकाचा घेर कमी झाला की ते जास्त वेगानं फिरतं आणि गाडी सरळ जात असूनही मॉड्युलला ती वळतेय असं वाटतं. नंतर कुणाला तरी मागं उभं करून ब्रेक लाइट बघा. पेडलवर पाय नसतानाही ते जळत असतील किंवा दाबूनही लागत नसतील, तर पेडलजवळचा स्विच गेलाय. तो दीडशे ते सहाशे रुपयांना मिळतो आणि बसवायला पंधरा मिनिटं लागतात. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मधून निघत नसेल किंवा क्रूझ कंट्रोल बंद पडलं असेल, तर या स्विचवरचा संशय आणखी बळावतो.

शेवटी बॉनेट उघडून उंदीर बघा. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला उंदीर येतात आणि वायरींची वेष्टणं कुरतडतात. लेंड्या, भाताचं तूस, कापसाचे पुंजके दिसले तर तिथल्या वायरी बोटांनी चाचपून बघा.

स्कॅन: हजार रुपये इथे खर्च करा

हजार-दीड हजारात मिळणारं ब्लूटूथचं छोटं यंत्र आणि मोबाइल अ‍ॅप बहुधा इंजिनाचेच कोड वाचतं. ब्रेकसाठी ‘सी’पासून सुरू होणारे आणि संपर्क तुटल्याचे ‘यू’पासून सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये स्कॅनचे तीनशे ते आठशे, सर्व्हिस सेंटरला पाचशे ते दीड हजार पडतात. पैसे द्यायच्या आधी स्पष्ट सांगा: कोड पुसायचे नाहीत, आधी फोटो काढायचा किंवा प्रिंट द्यायची. कोड पुसला की दोष पुन्हा उगवेपर्यंत पुरावा जातो.

कोड म्हणजे निदान नव्हे, हे फिटरलाही पुन्हा सांगावं लागतं. सी००३५ हा डाव्या पुढच्या चाकाच्या वेगाच्या सर्किटचा कोड. त्यात सेन्सर आला, त्याची वायर आली, कपलर आला, चाकावरची रिंग आली आणि बेअरिंगही आलं. यू०१२१ म्हणतो की एबीएस मॉड्युलशी बोलणं तुटलं. त्यात मॉड्युल असेलच असं नाही, त्याचा फ्यूज, त्याची वीज, त्याचं अर्थिंग हेही असू शकतं. माझ्या गाडीतही मॉड्युल शाबूतच होतं.

खरी माहिती लाइव्ह डेटात असते. स्कॅनर जोडून गाडी वीस-तीसच्या वेगानं सरळ चालवा आणि शेजारी बसलेल्याला चार चाकांचे आकडे बघू द्या. तीन चाकं २५ दाखवतात आणि चौथं मध्येच शून्यावर येतं, तर गुन्हेगार सापडला. ही दहा मिनिटांची फेरी मारायला जो तयार नाही, त्याच्याकडून महागडा भाग बसवून घेऊ नका. ही माझी एकमेव अट असते आणि तिच्यामुळे माझे पैसे वाचले आहेत.

चाकाचे सेन्सर, म्हणजे कोकणातलं मुख्य दुखणं

समुद्राजवळच्या गाड्यांत बिघाड बहुधा चाकापाशीच सापडतो. खारी हवा, चिखल, चार महिने ओल. सेन्सर हबमध्ये जिथे बसतो तिथं गंजाचा थर चढतो, तो सेन्सरला वर उचलतो आणि सेन्सर व रिंग यांच्यातलं केसभर अंतर वाढतं. दुसरा प्रकार रिंगचा. जुन्या पद्धतीची दातेरी लोखंडी रिंग खालून गंजते, फुगते आणि तडकते. मग गाडी थांबताना, दहाच्या आतल्या वेगात, कोरड्या रस्त्यावरही ब्रेक पेडल पायाखाली थरथरतं. ही खूण दिसली की सेन्सर बदलण्याआधी रिंग बघायला सांगा.

नव्या पद्धतीत दात नसतात. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते. इथे गॅरेजात एक चूक वारंवार होते: बेअरिंग उलटं दाबून बसवतात. चुंबकाची बाजू सेन्सरकडे हवी, ती दुसरीकडे गेली की सेन्सरला काहीच दिसत नाही. दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच वाटतात, पण स्टीलची टाचणी चुंबकाच्या बाजूला हलकेच ओढली जाते. बेअरिंग बदलल्या बदलल्या दिवा लागला असेल तर दुसरा कसलाही विचार करू नका, त्याच चाकाकडे परत जा. आणि उलटं बसवलेलं बेअरिंग काढताना खराब होतं, म्हणून नव्याचे पैसे कुणी द्यायचे हे तिथंच ठरवा. माझ्या मते ते गॅरेजनं द्यायचे.

सेन्सर तपासतानाही घाई नुकसान करते. जुने, दोन वायरींचे, स्वतः वीज तयार करणारे सेन्सर मल्टीमीटरवर साधारण आठशे ते दोन हजार ओहम दाखवतात. नवे सेन्सर मॉड्युलकडून वीज घेऊन चालतात, त्यांना ओहम मोजून काही कळत नाही आणि ते बिघडण्याचीही भीती असते. म्हणून आधी कपलर उघडा. आतल्या पिना हिरवट झाल्या असतील तर शे-दोनशे रुपयांच्या कॉन्टॅक्ट क्लीनरनं आणि मऊ ब्रशनं साफ करून बघा.

भाव असे: देशी-कोरियन छोट्या गाड्यांचा सेन्सर आठशे ते अडीच हजार, युरोपीय गाड्यांचा अडीच ते सहा हजार. मजुरी तीनशे ते आठशे, पण गंजलेला सेन्सर हबमध्ये तुटला की हब उतरवावा लागतो आणि मजुरी दुप्पट होते. बेअरिंग किंवा हब छोट्या गाडीला दोन ते पाच हजार, मोठ्या गाडीला सहा ते बारा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भाग स्वस्त मिळतो, पण सेन्सरच्या बाबतीत मी निनावी डब्यातला माल घेत नाही. मूळ कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचाच भाग त्याच्या स्वतःच्या खोक्यात मिळतो. तो सर्व्हिस सेंटरपेक्षा बराच स्वस्त आणि खात्रीचा असतो. जुन्या सेन्सरवर कोरलेला नंबर घेऊनच दुकानात जा.

स्टिअरिंग आणि सीटखालचा सेन्सर

स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्टिअरिंगच्या चाकामागे, अनेक गाड्यांत एअरबॅगच्या क्लॉक स्प्रिंगला जोडून असतो. हॉर्न मध्येच बंद पडतो, एअरबॅगचा दिवा लागतो आणि सोबत ईएसपीचाही, तर क्लॉक स्प्रिंग गेली असं समजा. तीन ते आठ हजार, युरोपीय गाडीत दहा ते पंचवीस. तिथं एअरबॅग उतरवावी लागते, म्हणून बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. लाइव्ह डेटात चाकं सरळ असताना कोन शून्याच्या आसपास हवा. आठ-दहा अंश दिसले तर भाग बदलण्याआधी अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशन करा.

गाडीच्या फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर बऱ्याच जुन्या गाड्यांत मधल्या कन्सोलखाली किंवा सीटखाली, जमिनीलगत असतो. चिपळूणकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ज्या गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी आलं, त्यांचा हा सेन्सर आणि त्याचा कपलर पाण्यात होता. अशी गाडी वाळवून, धुऊन, दूरच्या शहरात विकली गेली तरी आतल्या पिना गंजत राहतात. सपाट जागेवर उभ्या गाडीत या सेन्सरचं वाचन शून्याजवळ हवं. नवा आठ ते वीस हजारांना पडतो, जुना दोन ते पाच हजारांना. जुना घेतलात तर नंबर तंतोतंत तोच हवा, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन हवं. तो तिरका बसला किंवा स्क्रू ढिला राहिला तरी यंत्रणा चुकीचा निष्कर्ष काढते.

मॉड्युल, शेवटी

आता माझी गाडी. कोड होता मॉड्युलला वीज कमी पडल्याचा. सर्व्हिस सेंटरनं त्यावरून मॉड्युल बाद ठरवलं. कराडचे वायरमनमामा कोड बघून म्हणाले, “पार्ट नंतर बघू, आधी अर्थ बघू.” त्यांनी इंजिन चालू ठेवलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावले, मल्टीमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मॉड्युलच्या अर्थच्या पिनला लावली. तिथं ०.१ व्होल्टच्या आत हवं असतं, मिळाले १.४. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थिंगचा बोल्ट गंजून भुगा झाला होता. नवा लग, घासलेला पत्रा, वर ग्रीस. साडेचारशे रुपये आणि चहा. त्याला आज तीन पावसाळे झाले.

म्हणून मॉड्युलचा निर्णय होण्याआधी फ्यूज, वीज आणि अर्थिंग या तिन्हींचं वाचन कागदावर मागा. ते सगळं ठीक असेल तर मॉड्युल खरंच गेलेलं असू शकतं. त्यातल्या सूक्ष्म जोडण्या उष्णतेनं तुटतात, म्हणून दोष सकाळी नसतो आणि तासाभरानं उगवतो. फोक्सवॅगन-स्कोडा गटातल्या काही जुन्या गाड्यांच्या एमके ६० मॉड्युलमध्ये ब्रेकच्या दाबाचा सेन्सर आतच असतो आणि ०१४३५ हा कोड येतो. तिथं सेन्सर वेगळा मिळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करणारे कारागीर आहेत.

नवं मॉड्युल पस्तीस हजारांपासून लाखाच्या पुढे. दुरुस्ती आठ ते अठरा हजार. जुन्या बाजारातलं आठ ते वीस हजार, वर कोडिंगचे दोन ते पाच हजार, आणि काही गाड्या दुसऱ्या गाडीचं मॉड्युल स्वीकारतच नाहीत. माझी पसंती दुरुस्तीला, किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी असेल तर. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचे पाइप न उघडता फक्त इलेक्ट्रॉनिक भाग वेगळा करून कुरिअरनं पाठवता येतो. तो परत येईपर्यंत गाडी उभी ठेवा. पाइप उघडावे लागले तर ब्रेकची हवा स्कॅनर लावूनच काढावी लागते, साध्या पेडल मारण्यानं मॉड्युलमधली हवा निघत नाही. त्याचे ऑइलसह आठशे ते दीड हजार धरा. तसंही ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायलाच हवं. काळं, ओलावा धरलेलं ऑइल याच मॉड्युलच्या झडपा खातं.

सगळा हिशेब करूनही खर्च गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शावर जात असेल, तर? गाडी गावातल्या गावात चालत असेल आणि एबीएस शाबूत असेल, तर ईएसपीविना वेग कमी ठेवून चालवणं मला समजू शकतं. पण घाटात, पावसात, कुटुंब घेऊन जाणारी गाडी असेल तर दुसऱ्या कशातून पैसे वाचवा.

बिल आणि खबरदारी

सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी अनेक भागांवर २८ होता. मजुरीवरही १८. जुन्या दरानं बिल आलं तर विचारा. काढलेला जुना भाग परत मागा, नव्याचा नंबर बिलावर लिहून घ्या. विनाकारण भाग बदलला गेला असेल तर आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. स्कॅनची पहिली प्रिंट इथे कामी येते.

सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर चावी ‘ऑन’ केल्यावर ईएसपी आणि एबीएसचे दिवे आधी लागून मग विझतात का, हे स्वतः बघा. जो दिवा लागतच नाही, त्याचा बल्ब काढलेला असू शकतो किंवा तो दुसऱ्या दिव्याला जोडलेला असू शकतो. विझला तरी स्कॅन कराच, कारण आदल्या दिवशी कोड पुसून ठेवता येतात. मग गाडी पन्नासेक किलोमीटर, थोडी वळणं आणि थोडे खड्डे घेत फिरवा, आणि त्याच स्कॅनरनं पुन्हा वाचा. दुरुस्तीनंतरही हीच फेरी मारा आणि उरलेले पैसे ती झाल्यावरच द्या.